आधी भोपळा घासून या

“मॅडम, धाडसच होत नाही.” माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या मंडळींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मला पाठ आहे. नोकरी बरी आहे, पगार वेळेवर होतो, तरी रविवारी संध्याकाळी पोटात खड्डा पडतो. मन भलतीकडेच असतं. कुणाचं शेतीत, कुणाचं चित्रांत, एकीचं तर मधमाश्यांत होतं. सोडू का? आणि सोडायचं तर हिंमत कुठून आणू?

यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

वय चौतीस. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, फ्लॅटचा हप्ता ३१ हजार, मुलगी दुसरीत. याला तंबोरे घडवायचे होते. आजी गायची. तिच्या तंबोऱ्याची जवारी काढून, म्हणजे झंकार नीट यावा म्हणून तारांखालची घोडी घासून आणायला हा लहानपणी वडिलांबरोबर मिरजेला जायचा. ज्यांपासून तंबोऱ्याचा तुंबा होतो त्या वाळलेल्या भोपळ्यांचे ढीग, लाकडाचा भुसा, घोडीवर कानस फिरवून पुन्हा पुन्हा तार छेडून बघणारा कारागीर, हे तो असं सांगायचा की माझ्या खोलीत लाकडाचा वास यावा. आठ वर्षं ‘एक दिवस करणार’ चाललं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी त्याने मोबाइलमध्ये जपून ठेवली होती. मानांकनाने हप्ता फिटत नाही, हे तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं; बोलले नाही.

पहिल्या भेटीत चूक माझी झाली. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असं मी विचारलं. उत्तर झकास आलं: स्वतःचा कारखाना, हाताखाली दोन शिकाऊ पोरं, परदेशातली गिऱ्हाइकं. त्याला छान वाटलं, मलाही. पंधरा दिवसांनी आला तो होता तिथेच, वर थोडा खचलेला. स्वप्नाला मी आणखी पॉलिश करून दिलं होतं, त्यामुळे त्याला हात लावायला तो अधिकच बिचकत होता.

दुसऱ्या खेपेला मी त्याच्या बोलण्यातले ‘च’ टिपून घेतले. “यात उतरलो तर नाव झालंच पाहिजे.” “घरच्यांना पटलंच पाहिजे.” “एकदा सोडली की परत नोकरी करायचीच नाही.” अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. इच्छेचा हट्ट झाला की माणूस अडकतो, हा तिच्या मुळाशी असलेला विचार. मराठीत आपली सोय अशी की हा हट्ट एका अक्षरात सापडतो.

मग मी विचारलं, “मिरजेला शेवटचे कधी गेलात?”

तो आठवत बसला. “अकरावीत असेन.”

म्हणजे सतरा वर्षं! ज्या कामासाठी हा गृहस्थ नोकरी सोडायला निघाला होता, त्या कामाला त्याने एकदाही हात लावलेला नव्हता. का, असं विचारल्यावर तो बराच वेळ बसच्या तिकिटाच्या घड्या घालत राहिला. मग म्हणाला, “हात लावला आणि नाही जमलं, तर माझ्याकडे उरेल काय?”

खरी भीती बहुतेकदा इथे दडलेली असते, असं माझं मत आहे. हप्त्याची भीतीही खोटी नसते, पण ती निदान कागदावर मांडता येते. आवडीचं काम हा वाईट दिवसांतला कोपरा असतो. तो कोपराही आपला नाही असं कळलं तर? त्यापेक्षा माणूस ‘धाडस होत नाही’ म्हणत राहतो. त्यात निदान इज्जत राहते.

मी म्हटलं, “धाडसाचं राहू द्या. महिन्यातले दोन शनिवार-रविवार मिरजेला जा आणि कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम मागून घ्या. राजीनाम्याचा विषय सहा महिने बंद.” हे माझ्या मनचं नव्हतं. आपल्याला जमेल हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. दुसऱ्याला बघून येतो, कुणी पाठ थोपटली की येतो, पण सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून पाहिल्याने. आधी विश्वास आणि मग काम, या क्रमाने वाट बघणारे बसून राहतात.

महालक्ष्मी एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर पुण्यात येते आणि पहाटे मिरजेला उतरवते. पहिल्या फेरीत एका उस्तादांनी त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला, समोर भोपळा ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी चहा पाजला, तोही न बोलता. पुढच्या भेटीत तो पंचवीस मिनिटं बोलत होता. मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारे हे भोपळे खायच्या भोपळ्यांपेक्षा कसे वेगळे, साल किती जाड लागते, बोटांची कशी वाट लागली. ‘धाडस’ हा शब्द एकदाही आला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

तिसऱ्या महिन्यात त्याने एक भोपळा चुकीचा कापला. उस्ताद म्हणाले, “पैसे ठेव आणि दुसरा घे.” आठ वर्षं ज्या प्रसंगाला तो घाबरला होता, तो एवढ्यात उरकला.

घरचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. वडील म्हणाले होते, “इंजिनीअर केला आणि पदरात शेवटी भोपळाच!” हे सांगताना त्यालाही हसू फुटलं. बायको चौथ्या भेटीला आली. गप्प बसून होती, मग एकदम म्हणाली, “मला तंबोऱ्याचा राग नाही हो. ह्यांनी मला स्वप्न दहा वेळा सांगितलं, हिशोब एकदाही दाखवला नाही.” यावर मी काय समुपदेशन करणार होते? त्याच टेबलावर वही काढली. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात जमेपर्यंत नोकरीला हात लावायचा नाही. मिरजेचा खर्च महिन्याला चार हजारांच्या आत. रियाजाला आता मोबाइलमधला तंबोरा चालतो, त्यामुळे नव्या वाद्यांवर भिस्त ठेवायची नाही. दुरुस्ती आणि जवारी आधी शिकायची. वही तिच्या ताब्यात.

नोकरी ठेवून शिकणं म्हणजे अर्धवट निष्ठा, असं त्याला डाचत होतं. रॅफी आणि फेंग या संशोधकांचा २०१४ चा अमेरिकेतला अभ्यास मी त्याला सांगितला. नोकरी करता करता धंदा सुरू करून नंतर पूर्ण वेळ उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. त्याला आकडा पटला, टेस्टिंगवाला माणूस! (माझ्याकडे एक बाई केक करायच्या छंदापायी तिरीमिरीत राजीनामा देऊन आल्या होत्या. चार महिन्यांत त्यांना त्या छंदाचाच वीट आला, कारण प्रत्येक केकने त्या महिन्याचं भाडं काढायला हवं होतं.)

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. नोकरी चालू आहे. घोडी घासून जवारी काढणं त्याला अजून पुरतं येत नाही. कान तयार व्हायला वर्षं लागतात असं उस्ताद सांगतात, आणि हे ऐकून तो खचत नाही याचं मला अप्रूप वाटतं. पुण्यातल्या गाणं शिकणाऱ्या मुलांचे तंबोरे तो तारा बदलायला, खुंट्या बसवायला घरी घेतो. चांगल्या महिन्यात सात-आठ हजार सुटतात.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. मला वाटलं, आता विचारणार, सोडू का? पण त्याला भेटीची वेळ बदलून हवी होती. शनिवारी मिरजेला भोपळे उतरणार होते, आणि उशीर झाला तर चांगले दुसरेच उचलून नेतात.