पांदणीचा ठराव नेमका अडते कुठं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावची वावरात जायची पांदण पावसाळ्यात अशी होते का बैलबंडी चाकापर्यंत रुतते, सोयाबीनचे पोते डोक्यावर आणा लागते. ग्रामसभेत ठराव घेतला, पालकमंत्र्याले निवेदन दिलं, पेपरात फोटोपण आला. सरपंच म्हणते डीपीडीसीतून मंजूर व्हाचं आहे. हे डीपीडीसी म्हणजे कोण, अन आमचं काम तिथं काहून पोचत नाही?
– एक शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, डीपीडीसी हे जुनं नाव, खेड्यात अजून तेच चालतं. कागदावर ती जिल्हा नियोजन समिती, ७४व्या घटनादुरुस्तीनं आलेली, आणि महाराष्ट्रानं तिच्यासाठी १९९८ ला वेगळा कायदा केला. पालकमंत्री अध्यक्ष, कलेक्टर सदस्य सचिव. घटना म्हणते की किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या लोकांनी आपल्यातूनच निवडून पाठवायचे, म्हणजे तुमच्या सर्कलचा झेडपी मेंबर तिथं बसून तुमच्या गावाचं बोलेल अशी ती सोय होती. पण २०२२ पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक आले, मेंबरच नाही तर समितीत जाणार कोण, मग उरले पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी. याचा फटका लहान गावालाच जास्त बसतो असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आमदाराच्या मतदारसंघात इतकी गावं की तुमची एक पांदण त्याच्या ध्यानात राहावी कशी.

तरी तुमचं काम बहुतेक यानं अडलं नाही. ठराव कोणत्या ग्रामसभेत घेतला ते तुम्ही लिहिलं नाही, पण २६ जानेवारीचा असेल तर एसटी निघून गेल्यावर स्टँडवर पोचल्यासारखं झालं. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा डिसेंबर-जानेवारीतच तयार होतो, जिल्ह्याची समिती त्याला मान्यता देते, मग अर्थमंत्र्यांकडं राज्यस्तरीय बैठक, तिथं जिल्हे वाढीव निधी मागतात, आणि मार्चात बजेट. याच्या आत काम यादीत पाहिजे तर ठराव १५ ऑगस्टचा, फार तर २ ऑक्टोबरचा पाहिजे.

अन नुसता ठराव काही कामाचा नाही. त्याची कॉपी पंचायत समितीत आवकचा शिक्का मारून पडून राहते, कोणी मागं लागल्याशिवाय हलत नाही. जेई साहेबांनी, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांनी, जागेवर येऊन टेप धरून अंदाजपत्रक करावं लागतं, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय. आणि हेड, म्हणजे पैसा कोणत्या खात्यातून निघणार तो नंबर किंवा योजना, बरोबर पाहिजे, हेड चुकलं की फाइल परत. नंबर पडलेला ग्रामीण मार्ग असेल तर ३०५४, स्मशानभूमीचं शेड किंवा ग्रामपंचायतीची इमारत जनसुविधा योजनेतून, हे डीपीडीसीचे. गावात आमदाराच्या पत्रावर जे सिमेंट रोड होतात ते पंचवीस-पंधराचे, म्हणजे २५१५ या हेडचे, तो पैसा मुंबईहून ग्रामविकास खात्याचा, त्याचा डीपीडीसीशी संबंध नाही. उद्घाटनाच्या बोर्डावर सगळे फोटो सारखेच असतात म्हणून लोकांना ते एकच वाटतं.

तुमची पांदण यातल्या कशातच नीट बसत नाही, कारण तिला नंबरच नाही. पांदणीसाठी २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली ती रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, जोडीनं. त्यासाठी पहिला कागद पालकमंत्र्यांकडचा नाही, तर गाव नकाशा. भूमी अभिलेखमधून तो काढा आणि तुटक रेषांचा गाडीमार्ग दिसतो का बघा. नकाशावर आहे पण जागेवर कोणी धुरा, म्हणजे बांध, सरकवून तूर पेरली, असं असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नकाशावर रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, म्हणजे धुऱ्यावरून रस्ता मागायचा. हे आधी उरका. नाहीतर निधी येतो, मुरमाचे टिप्पर येतात, आणि दोन भावांच्या भांडणात जेसीबी परत जाते, मग मार्चएंडला तोच पैसा दुसऱ्या गावी वळतो, हे आपल्याकडं काही नवीन नाही राजेहो.

आणखी एक, तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, काळी माती, ती नुसता मुरूम एका पावसात गिळते. अंदाजपत्रकात खाली दगडाचं सोलिंग आणि दोन्ही बाजूनं नाल्या धरल्या का, हे जेई जागेवर असतानाच विचारा, मंजुरी झाल्यावर कोणी ऐकत नाही.

सरपंच दरवेळी वर बोट दाखवत असतील तर त्यांना हेही विचारा की १५व्या वित्त आयोगाचे पैसे, म्हणजे २०२१ ते २०२६ चे, कुठं लागले. त्यातले ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला ठरलेले होते, पंचायत समिती आणि झेडपीला १०-१० टक्के. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, पण बाकीचा ४० टक्के गावाच्या गरजेला. गावाच्या आराखड्यात काय लिहिलं ते ई-ग्रामस्वराज या सरकारी साइटवर मोबाईलवरही दिसतं.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. विदर्भ विकास मंडळ बंद झालं असं वाचलं. त्यानं गावाला खरंच काही फरक पडतो का?
– एक विद्यार्थिनी, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, परीक्षेपुरतं आधी : घटनेच्या कलम ३७१ च्या दुसऱ्या उपकलमाखाली १९९४ ला विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं झाली, ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली, २०२२ ला मंत्रिमंडळानं ती पुन्हा आणायचा ठराव केला.

गावाचं म्हणाल तर मंडळ तुमच्या गावचा रस्ता मंजूर करत नव्हतं, तो त्याचा अधिकारच नव्हता. ते आकडे मांडायचं, कोणता भाग कशात किती मागं आहे याचे, आणि त्यावर राज्यपाल सरकारला निधीवाटपाचे निर्देश द्यायचे. दांडेकर समितीनं १९८४ ला राज्याचा अनुशेष, म्हणजे मागं राहिलेल्या भागांच्या विकासाची थकबाकी, ३,१८६ कोटींचा काढला, त्यात जवळपास ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. पुढं सिंचनाचा अनुशेष अकोला, अमरावती, वाशिम, बुलढाणा इथं रेंगाळत राहिला, आणि ज्या गावात पाटाचं पाणी नाही तिथं दुसरं पीकही नाही, इतका सरळ संबंध आहे. जिल्हा समिती आपल्या जिल्ह्याला ठरवून दिलेल्या रकमेतच वाटप करते. ती रक्कम आपल्या वाट्याला कमी का आली हे विचारणारं एक टेबल गेलं, माझ्या मते नुकसान ते.

प्रश्न : आमच्या गावात पेसाचे पैसे येतात. ते खर्च कराले डीपीडीसीची परवानगी लागते का? ग्रामपंचायतीचे साहेब म्हणतात लागते.
– एक ग्रामसभा सदस्य, ता. धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : नाही लागत. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा गावांना अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, म्हणून थेट दिला जातो आणि कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. साहेबांना म्हणा, परवानगी लागते असं ज्या जीआरमध्ये लिहिलंय त्याची कॉपी द्या, आणि ते काय म्हणाले ते त्याच ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.