पंचेचाळीस हजारांचं आयुष्य

"मॅडम, आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्यांचाही हिशोब आहे. डाळीला तीन, भाताला दोन. जास्तीची एक वाजली की हॉलमधून आवाज येतो, 'गॅस!'"

शलाका हसत हसत सांगत होती. हा किस्सा तिनं मैत्रिणींना बरेचदा सांगितला असावा. हशा कुठे येतो हे तिला पाठ होतं. मी हसले नाही तेव्हा ती थांबली. म्हणाली, "त्याला काही आजार आहे का, एवढंच सांगा."

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. बहुतेकदा बायका विचारतात, कधी आईवडील. माणूस चांगला कमावतो, व्यसन नाही, कर्ज नाही, चाळिशीत नोकरी सोडायची म्हणून पै पै साठवतो. तक्रार करायची तरी कशाची? नवरा उधळ्या असेल तर अख्खी सोसायटी तुमच्या बाजूनं उभी राहते. काटकसरी नवऱ्याबद्दल बोललात तर ऐकणारी म्हणते, "आमच्याकडे पाठव की महिनाभर!" (नावं बदलली आहेत, आणि घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशीलही.)

मकरंद ३७ वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. शलाकाही नोकरी करते. मुलगी दुसरीत. दोघांच्या पगारातला ७० टक्क्यांहून जास्त भाग म्युच्युअल फंड, पीपीएफ आणि मुदत ठेवींत जात होता. लग्नाची पत्रिका आली की तो आधी आहेराचा अंदाज काढायचा, जायचं की नाही ते मग. या सगळ्याशी शलाकानं जमवून घेतलं होतं. ती आली ती दातामुळे. आठ महिने मकरंद एकाच बाजूनं जेवत होता. रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च ऐकून तो दवाखान्याच्या खुर्चीवरून उठून आला होता, आणि लवंगेच्या तेलावर दिवस काढत होता. त्यात मुलीनं एका वाढदिवसाला केकचा तुकडा हातात घेऊन यजमानीण बाईंनाच विचारलं, "काकू, एवढा मोठा केक तुम्हाला परवडला?"

आधी आजाराचं सांगते, कारण शलाका नेटवर वाचून आली होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह व्यक्तिमत्त्व विकाराची, म्हणजे नेटकेपणा आणि नियंत्रण यांच्या अतिहट्टाची, आठ लक्षणं दिली आहेत. त्यातलं एक असं: स्वतःवर आणि इतरांवर खर्च करताना कंजूषपणा, पैसा म्हणजे पुढच्या संकटांसाठी साठवून ठेवायची गोष्ट. वाचलं की मकरंदचा फोटोच. पण निदानाला आठांपैकी किमान चार लक्षणं लागतात. मकरंद कामं दुसऱ्यावर सोपवायचा, घरातला पसारा चालवून घ्यायचा, मित्रांत रमायचा. असं निदान मी करत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम. शंका असती तर त्यांच्याकडे पाठवलं असतं. तशी शंका आली नाही.

मला उपयोगी पडतो तो वेगळाच फरक. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टीन या अभ्यासकांनी २००८ साली खर्च करताना होणाऱ्या वेदनेवर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यातला मुद्दा आपल्या आज्यांना ठाऊक होताच: काटकसरी माणसाला वाचवण्यात गंमत वाटते, चिक्कू माणसाला खर्च करताना दुखतं. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, दोघांच्याही घरी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या असतात.

पुढच्या भेटीला मकरंद आला तो लॅपटॉप घेऊन. मी पंच होणार नाही हे दोघांना आधीच सांगून टाकलं होतं. त्यानं शीट उघडली आणि खरं सांगते, मी थक्क झाले. दहा वर्षांचा रोजचा खर्च. कोथिंबिरीची जुडीसुद्धा.

"फायर, मॅडम, म्हणजे पुरेसा पैसा साठवून लवकर निवृत्त व्हायचं," तो म्हणाला. "वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की त्यातले ४ टक्के पहिल्या वर्षी काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवत जायचं."

हा नियम विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागारानं १९९४ मध्ये मांडला. तो तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या परताव्यांवर आणि साधारण ३० वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला आहे, हे मकरंदला माझ्याहून चांगलं माहीत होतं. ४२ व्या वर्षी थांबणाऱ्याला ३० वर्षं पुरायची नाहीत. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो. म्हणून त्यानं २५ चे ३३ केले होते. इथपर्यंत मला पटलं.

मग ३३ चे ४० झाले. आणि शलाका माझ्याकडे आली त्या महिन्यात ४० चे ५०. घरखर्च महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. २५ पटीनं १ कोटी ३५ लाख होतात, ५० पटीनं २ कोटी ७० लाख. शेवटच्या वाढीचं कारण मी विचारलं. त्यानं शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'काहीही झालं तर'.

मी पुढे काही विचारणार होते, पण शलाका आधी बोलली. "हे ४५ हजार म्हणजे आपला आत्ताचाच खर्च ना?"

"हो. महागाई वेगळी धरलीय."

"म्हणजे तू घरी बसल्यावरही डाळीला तीनच शिट्ट्या?"

मकरंद शीटकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्या आकड्यांत राहूनही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. खर्च दाबला की बचत वाढते आणि गाठायची रक्कमही लहान होते. कागदावर ही जादूच वाटते. पण ती लहान रक्कम दाबलेल्या खर्चावरच बेतलेली असते. ती गाठल्यावर हात सैल सोडता येत नाही. तो पाच वर्षं पोटाला चिमटा काढायला तयार होता. शीट मात्र जन्मभराचं मागत होती, आणि शलाकाला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मी त्याला एकच काम दिलं: नोकरी सुटल्यानंतरचा एखादा बुधवार लिहून आणा. पुढच्या खेपेला त्यानं चार ओळी आणल्या. सहाला उठणे. चालणे. चहा. सव्वानऊला शेअर बाजार उघडल्यावर पोर्टफोलिओ बघणे. नंतरचं पान कोरं.

पतसंस्थेचा विषयही शलाकानंच काढला. मकरंदचे वडील तालुक्याच्या गावी शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर फंडाची बरीचशी रक्कम त्यांनी तिथल्या एका पतसंस्थेत ठेवली, कारण व्याज जास्त होतं आणि संचालक ओळखीचे. दोन वर्षांत ती बुडाली. बँकेतल्या ठेवीला जे विम्याचं संरक्षण असतं ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं, हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडील दर सोमवारी पासबुक घेऊन रांगेत उभे राहायचे, कधी पाचशे मिळायचे, कधी नुसता चहा. मकरंद तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

"त्याचा इथे काय संबंध?" तो म्हणाला.

आम्हा समुपदेशकांना जुन्या दिवसांत कारण सापडलं की फार आनंद होतो, म्हणून मी स्वतःला जरा आवरते. त्या घरातून बहीणही मोठी झाली होती आणि ती दर वर्षी सहलीला जाते. पण एक गोष्ट नोंदवली: या माणसाची भीती खुळी नव्हती. पैसा खरोखरच एका सोमवारी नाहीसा होऊ शकतो, हे त्यानं पाहिलं होतं. अशा माणसाला "एन्जॉय करा हो" म्हणणं हा उद्धटपणा आहे.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाची इच्छा आणि त्याची मागणी यांत फरक करतात. 'पैसा बुडू नये असं मला वाटतं' ही इच्छा. 'पैसा बुडताच कामा नये' ही मागणी. इच्छेला ३३ पट पुरतात. मागणीला ५० पुरत नाहीत, शंभरही पुरणार नाहीत, कारण तिला हवी असते खात्री, आणि खात्री कुठल्याच फंडात मिळत नाही. मी ही दोन वाक्यं त्याच्या शीटमध्येच शेजारी शेजारी टंकायला लावली. त्यानं टंकली, आणि पुढे सहा आठवडे आलाच नाही. शलाकाचा निरोप आला, "तो म्हणतोय तुम्ही त्याला वेडा ठरवलंत."

परत आला तो सुजलेल्या गालानं. दात वाचला नव्हता. काढावा लागला आणि आता इम्प्लांट. रूट कॅनालच्या कितीतरी पट खर्च. हेही त्यानं शीटमध्ये घातलं होतं, लाल रंगात. मी काही बोलले नाही. त्या लाल चौकोनानं जे केलं ते माझ्या चार भेटींनी झालं नव्हतं.

मग दोघांनी बसून काही ठरवलं. शीटकडे बघून दुखणं अंगावर काढायचं नाही. दोघांना महिना आठ-आठ हजार, ज्याचा जाब द्यायचा नाही. घरखर्च शलाकाच्या मताप्रमाणे नव्यानं मांडायचा. तो आला ७० हजार. पट ३३ वर थांबवायची, आणि ती बदलायची तर फक्त दिवाळीच्या पाडव्याला, दोघांनी मिळून. आकडे बरोबर आहेत की नाही ते मी सांगत नाही; त्यासाठी सेबीकडे नोंदणी असलेल्या, ठरलेली फी घेणाऱ्या सल्लागाराकडे पाठवलं. तिथून आल्यावर निवृत्तीचं वय ४२ वरून ४७ वर गेलं होतं. मकरंद दोन दिवस कुणाशी बोलला नाही, असं शलाका म्हणाली.

त्याचे आठ हजार पहिले दोन महिने तसेच पडून होते. तिसऱ्या महिन्यात त्यानं ते गुंतवले, आणि शलाकानं भांडून परत काढायला लावले. चौथ्या महिन्यात जुना तबला दुरुस्तीला टाकला. कॉलेजात वाजवायचा म्हणे. हे त्याच्या बुधवारात कुठेच नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या अजून मोजल्या जातात, फक्त आता शलाका मुद्दाम एक जास्त होऊ देते.

शेवटच्या भेटीला उठता उठता त्यानं विचारलं, "मॅडम, यापुढे दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी आलो तर चालेल? फीसाठी नाही, खरंच."

शलाका छताकडे बघायला लागली. मी डायरी काढून तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली.