मार्च मॅडनेसच्या (अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा) मॅचेस कुठल्या अरीनात होणार हे कोण ठरवतं? चांगली टीम असेल तर घरच्या मैदानावर खेळायला मिळतं का?

पुरुषांच्या स्पर्धेत नाही मिळत. तिथे शहरं आणि अरीना काही वर्षं आधीच बिड भरतात, सोबत यजमान म्हणून एखादं कॉलेज किंवा कॉन्फरन्स (आपसात लीग खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) लागते, आणि एनसीएएची (कॉलेज खेळांची संघटना) कमिटी सीट्स, हॉटेल्स, विमानसेवा असं सगळं बघून ठरवते, म्हणजे टीम्स कोण असणार हे कळायच्या कितीतरी आधी जागा पक्क्या झालेल्या असतात. फायनल फोर (शेवटच्या चार टीम्सच्या मॅचेस) तर आता मोठ्या छत असलेल्या स्टेडियममध्येच होते, २०२५ला सॅन अँटोनियोचं अलामोडोम होतं. फर्स्ट फोर (मुख्य राउंडच्या आधीच्या चार मॅचेस) मात्र २०११पासून ओहायोतल्या डेटनलाच, फक्त २०२१ला कोविडमुळे सगळी स्पर्धा इंडियानात नेली होती.

आणि ज्या अरीनात टीमने त्या सीझनला तीनपेक्षा जास्त मॅचेस खेळल्यात (कॉन्फरन्स टूर्नामेंट सोडून) तिथे तिला पाठवत नाहीत. हा नियम मला खूप योग्य वाटतो.

महिलांचं वेगळं आहे, टॉप १६ सीड्सना (कमिटीने सगळ्यात वर ठेवलेल्या टीम्सना) पहिले दोन राउंड स्वतःच्या कॅम्पसवर मिळतात, त्यामुळे स्टँड भरलेले असतात पण पाहुण्या टीमला खरंच जड जातं.