38 हजारांची जुनी 100-400: घ्यावी, पण टॉर्च मारून

पलूसहून तुमचा प्रश्न असा आहे: हातात कॅनन 200डी कॅमेरा आहे. कऱ्हाडच्या एका गृहस्थांकडे कॅननची पहिल्या पिढीतली 100-400 (आकडे मिलिमीटरमधले, जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), म्हणजे ती पांढरी, पुढे-मागे ओढून झूम होणारी लेन्स 38 हजारांना मिळतेय. ‘जेमतेम दहा वर्षं जुनी, बिल हरवलंय, पण एकदम मिंट’, म्हणजे नव्यासारखी, असं ते सांगतात. तुम्हाला भिलवडी-औदुंबरच्या मगरी आणि मायणी-येरळवाडीचे पक्षी टिपायचेत. घ्यावी का?

लेन्स घेण्यासारखी आहे. दर मात्र नाही, आणि ‘दहा वर्षं’ तर अजिबात नाही.

तुम्ही माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या, बाजूचा जो फोटो टाकलाय तो मोठा करून बघा. काळ्या प्लास्टिकवर बारीक अक्षरं उमटलीत: यूआर, पुढे 08 आणि आणखी दोन आकडे. कॅननच्या जुन्या लेन्सवर हा जन्मदाखला असतो. यू म्हणजे उत्सुनोमियाचा कारखाना. दुसरं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे 1986, तिथून बोटावर मोजत आलात की एम 1998 ला येतो (ही लेन्स बाजारात आली ते साल) आणि आर 2003 ला. पुढचे 08 म्हणजे महिना. तर ही ऑगस्ट 2003 ची आहे. गृहस्थ खोटं बोलतायत असं लगेच धरू नका, त्यांनी स्वतः ती सेकंडहँड घेतली असेल. पण सौदा करताना ही अक्षरं शांतपणे वाचून दाखवा, दर आपोआप खाली येईल.

नुसत्या वयाला घाबरू नका. काच म्हातारी होत नाही. 400 ला प्रकाश आत घेणारं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तरी ही लेन्स पक्ष्याच्या पिसांचा तपशील नीट देते, छिद्र थोडं लहान करून एफ8 ला तर तक्रारच नाही. घाबरायचं ते या एवढ्या पावसाळ्यांत ती कुठल्या कपाटात पडून होती त्याला.

हे मी पैसे मोजून शिकलोय. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, निम्मी सांगली पाण्यात होती. त्यानंतरच्या दिवाळीत मी एकाकडून 70-300 घेतली. बाहेरून चकाचक, डबी-बिबी सगळं. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बघितली, घासाघीस केली, घेऊन आलो. घरी सकाळच्या उन्हात फोटो काढले तर सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं. मग मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला. मधल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, एका बिंदूपासून फांद्या फुटत गेलेले. लेन्स पाण्यात बुडाली नव्हती, नुसती माळ्यावर चामड्याच्या पाउचमध्ये महिनाभर दमट हवेत होती. साफ करून घेतली, धागे गेले, पण बुरशीने काचेवरचा लेप, म्हणजे कोटिंग, खाल्लं होतं, त्याचे डाग आजही आहेत. तेव्हापासून मी कुणाचीही लेन्स टॉर्चशिवाय बघत नाही.

तुम्हीही तेच करा. ‘कऱ्हाड स्टँडवर भेटू’ म्हणाले तर नको म्हणा, दिवसा त्यांच्या घरी जा. लेन्स कुठून काढून देतात तेही बघा. दोन्ही टोप्या काढा. कॅननच्या ईएफ लेन्सच्या (ही त्यातलीच) छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्या कॅमेऱ्यातून काढल्यावर पूर्ण उघड्या असतात, त्यामुळे आरपार दिसतं. मागून टॉर्च लावा आणि पुढून सरळ नाही, तिरकं बघा. लेन्स हळूहळू फिरवत, एकदा 100 ला, एकदा 400 ला. मग उलट बाजूने. धुळीचे चार-दोन कण दिसतीलच. ओढायच्या झूममध्ये हवा आत-बाहेर होते, तिला लोक धुळीचा पंप म्हणतात ते उगाच नाही. त्या कणांचा फोटोवर काही परिणाम होत नाही, सोडून द्या. धागे दिसले, धुकं दिसलं किंवा काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसला (दोन भिंगांमधला डिंक सुटलाय), तर चहा पिऊन परत या. ‘थोडीशीच बुरशी आहे, साफ होते’ हे वाक्य मी ऐकलंय. नाक जवळ नेऊन वासही घ्या, कुबट वास लपत नाही.

आता या लेन्सचं खास दुखणं. आत छिद्राच्या पात्यांना जोडणारी एक पट्टीसारखी लवचिक केबल असते. प्रत्येक झूमला ती वाकते आणि वर्षानुवर्षं वाकून तिच्यातली तार तुटते. मग कॅमेऱ्यावर एरर 01 येतो. गंमत अशी की छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढलात तर काहीच कळत नाही, कारण पात्या हलतच नाहीत. म्हणून तुमचा 200डी सोबत न्या, एव्ही मोडमध्ये (छिद्र आपण ठरवतो तो) एफ8 लावा आणि 100 पासून 400 पर्यंत थोडं थोडं ओढत पंचवीस-तीस फोटो काढा. दोनशेला चालते आणि साडेतीनशेला अडखळते, असं झालं तर तीच केबल. स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी लेन्समधली यंत्रणा) चालू करून शटर अर्धं दाबा: हलकी घरघर आणि टक् आवाज हे या पिढीचं नेहमीचं आहे, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर व्हायच्या ऐवजी उड्या मारत असेल तर नको. ट्रायपॉडवर मात्र हा जुना स्टॅबिलायझर बंदच ठेवायचा.

फोकस तपासायला मगर लागत नाही. पंचवीस-तीस फुटांवर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, लेन्स 400 ला, कॅमेरा टेकवलेला, टायमर लावलेला. दहा फोटो व्ह्यूफाइंडरने, दहा लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. 200डी लाइव्ह व्ह्यूमध्ये थेट सेन्सरवरच फोकस करतो. ते फोटो धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले तर काच चांगली आहे, फोकस पुढे-मागे बसतोय. आणि तुमच्या कॅमेऱ्यात हे दुरुस्त करायची सोय नाही, ती वरच्या मॉडेलमध्ये असते. दोन्ही मऊ आले, तर आधी पुढचा फिल्टर काढा. ही लेन्स स्वस्तातल्या यूव्ही फिल्टरवर (पुढच्या भिंगावर बसवायची संरक्षक काच) फार रुसते. ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणून विकायला काढलेल्या दोन 100-400 मी नुसता फिल्टर काढून बघितल्या, दोन्ही ठणठणीत निघाल्या. चारी कोपऱ्यांतली अक्षरंही वाचा. एकच कोपरा मऊ असेल तर कधीतरी पडलीय. फिल्टरच्या कडेला पोचा आणि माउंटच्या स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे हे त्याचे साक्षीदार.

लांबच्या डोंगरावर किंवा नदीपलीकडे फोकस तपासू नका. दहा वाजल्यानंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि जगातली कुठलीही लेन्स मऊ दिसते. मगरीसाठीही हेच. थंडीत ती सकाळी ऊन खायला काठावर येते, तुम्ही समोरच्या काठावर लवकर बसा. 200डीचा सेन्सर लहान असल्याने त्यावर 400 म्हणजे 640 इतका आवाका, ऊस आणि चिखल सोडून नुसती मगर चौकटीत येते. जवळ जायची गरजच नाही, जाऊही नका. स्थिर मगरीला स्टॅबिलायझर कामाला येईल. येरळवाडीला उडणाऱ्या पक्ष्यांसाठी मात्र 1/1000 च्या पुढेच राहा, तिथे स्टॅबिलायझर काही करत नाही.

वजन जवळजवळ 1.4 किलो आहे. 200डी तिच्या मागे शेपटासारखा लटकतो, कॅमेरा धरू नका, लेन्स धरा. गळ्यातल्या पट्ट्यालाही लेन्सचं ओझं देऊ नका. हे जड वाटत असेल तर नवी 55-250 एसटीएम पावशेर-दीडपावात बसते आणि काच उत्तम आहे, पण नदीपलीकडची मगर ओंडक्यासारखी दिसेल. 150-600 घ्यायच्या तर दोन किलोच्या आसपास आणि पैसे जास्त.

दराचं माझं गणित सरळ आहे. 2014 च्या शेवटी दुसरी पिढी आली, आता या पहिलीचे सुटे भाग मिळतील हे धरून चालू नका. म्हणजे केबल तुटली की लेन्स संपली असंच समजायचं. तीन-चार हंगाम चालली आणि मग बंद पडली तरी हळहळ वाटणार नाही एवढेच पैसे द्या. टॉर्च, एरर आणि वर्तमानपत्र या तिन्हींत पास झाली तर मी 28 हजारांपासून सुरुवात करेन आणि 31 ला थांबेन. हुड (पुढे लावायचं ऊन अडवणारं नळकांडं) आणि ट्रायपॉडची कॉलर (लेन्स ट्रायपॉडला जोडायचं कडं) तिच्यासोबतच येते, नसेल तर आणखी दोन हजार कमी. आधी विसार पाठवू नका, कितीही म्हणाले ‘दुसरं गिऱ्हाईक बसलंय’ तरी.

रविवारी जाणार असाल तर कळवा. मला कऱ्हाडला तसंही जायचंय, टॉर्च घेऊन येतो.