हाक मारली की बघतोय, पण बोललेलं कळंना

"म्याडम, ऑपरेशनला सात महिने झाले. हाक मारली की वळून बघतोय, पण बोललेलं काय कळंना त्याला. मशीन वाया गेलं काय ओ?"

कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशननं कानाच्या आत बसवलेली तार आणि डोक्यावर बाहेरून लावायचं मशीन; आवाज विजेच्या संकेतांनी श्रवणनसेकडे पोचवतं) झालेल्या मुलांच्या घरचे हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. या वेळी विचारत होत्या करवीर तालुक्यातल्या एक आजी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नातवाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि साडेतीन वर्षांचा असताना इम्प्लांट बसलं होतं. आजींच्या काळजीला एक ताजं कारणही होतं. मॅपिंगला, म्हणजे मशीनचा आवाज ज्याला-त्याला बेतून लावून घ्यायला, गेल्यावर त्यांना इचलकरंजीचे एक गृहस्थ भेटले होते. पन्नाशीत आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले होते, पण इम्प्लांटनंतर तीन महिन्यांत ते लेकीशी फोनवर बोलायला लागले होते. "त्यांना तीन महिन्यांत जमलं, आन् आमच्या पोराला सात महिन्यांतबी न्हाई?"

मी म्हटलं, आजी, त्या काकांच्या डोक्यात पन्नास वर्षांची मराठी होती. मशीन सुरू झालं त्या दिवशी त्यांनाही सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटत होते. चांगल्या कानात आवाजाची खबर मेंदूकडे धाडणाऱ्या मुख्य केशपेशी सुमारे ३,५०० असतात. इम्प्लांटच्या तारेवर कंपनीनुसार साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे संकेत देणारे ठिपके. इतक्या जाड्याभरड्या आवाजातून शब्द ओळखायचा तर तो आधीपासून माहीत असावा लागतो. लेकीनं "जेवलासा काय" विचारलं आणि त्यातलं अर्धंच पोचलं, तरी उरलेलं काकांचा मेंदू भरून काढतो. तुमच्या नातवाकडे भरून काढायला काहीच नाही. त्याला आवाज आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकायचंय. मशीन सुरू होतं ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे ऐकण्याच्या हिशेबानं तो जेमतेम सहा महिन्यांचा आहे. ऐकू येणारं बाळसुद्धा साधारण वर्षभर ऐकतं, तेव्हा कुठं पहिला शब्द बोलतं.

लहान मेंदू हे काम झपाट्यानं करतो. वय वाढेल तसं ते अवघड होत जातं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना उपकरणं मिळवून देणाऱ्या) योजनेत पाच वर्षांची मर्यादा आहे, तीही यामुळेच. कधीच न ऐकलेल्या पंचविशीतल्या तरुणाचे आईवडील येतात, त्यांना मी स्पष्ट सांगते. हॉर्न कळेल, दाराची बेल कळेल, पण नुसत्या ऐकण्यावर बोलणं समजेल अशी आशा बहुतेकांच्या बाबतीत धरता येत नाही. सांकेतिक भाषा ही त्याची भाषा आहे, ती सोडायला लावू नका.

आता आजींना "धीर धरा, येईल" एवढंच सांगून पाठवता आलं असतं. मला ते उत्तर मान्य नाही, कारण धीर धरता धरता खरी अडचण झाकून जाते. मी तोंडापुढं कागद धरून कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांच्या नावाची सहा आवाजांची चाचणी घेतली. आवाज ऐकला की मुलानं डब्यात मणी टाकायचा. आ, ऊ, ई आणि म यांना मणी पडला. 'श'ला एकदाच पडला, 'स'ला एकदाही नाही. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते.

मग विचारपूस केली. वडील गुऱ्हाळावर कामाला, हंगामात सुट्टी मिळेना, म्हणून मागचं मॅपिंग राहून गेलं होतं. सुरुवातीला मुद्दाम हळू ठेवलेला आवाज तसाच राहिला होता. शिवाय घामानं बिघडेल म्हणून आई गुऱ्हाळावर मशीन काढून ठेवायची, पावसाळ्यात ओलीच्या भीतीनं. अर्धा दिवस मशीन बंद असेल तर ते सहा महिने निम्म्यावर येतात. पोरगं जागं आहे तोवर मशीन डोक्यावर, झोपताना सिलिका जेलच्या ड्राय बॉक्समध्ये, एवढं ठरवलं आणि त्याच आठवड्यात मॅपिंगची वेळ घेतली.

घरात दुसरीच गोष्ट चालली होती. आला-गेला असला की आजी नातवाची हनुवटी धरून विचारायच्या, "बोल, केळं! के-ळं!" मायेनंच. पण समोर तोंड दिसलं की मूल ओठ वाचतं, आणि ओठांवर प, ब, म एकसारखेच दिसतात. मी म्हटलं, आजी, परीक्षा बंद करा आणि टीव्हीही. त्याच्या शेजारी बसून, रोजच्या आवाजात, चाललेल्या कामाबद्दल पूर्ण वाक्य बोला. आधी लांबीनंच वेगळे वाटतील असे बोल घ्या: 'ये' आणि 'चप्पल घालून ये'. मग 'भाकरी' आणि 'दूध'. 'पान' आणि 'कान' यांना अजून खूप वेळ आहे. इचलकरंजीचे काकाही अजून 'सात म्हणालात की साठ?' असं परत विचारतात.

चारेक महिन्यांनी आईनं सांगितलं, भाकऱ्या थापता थापता पाठीमागं न बघता ती "चप्पल घाल, पप्पांकडं जायचंय" म्हणाली आणि पोरगं चप्पल शोधायला गेलं. त्या दिवशीच्या चाचणीत 'स'लाही मणी पडला.

आजींचा पुढचा प्रश्न तयार होता: "मग जूनला शाळंत सगळं कळंल न्हवं?"

लगेच नाही कळणार, हे मी तेव्हाच सांगितलं. शांत स्वयंपाकघर वेगळं आणि पोरांनी भरलेला वर्ग वेगळा. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर आणखीनच. गोंगाटातून एकच आवाज निवडणं इम्प्लांटला फार जड जातं, मोठ्या माणसांच्यासुद्धा. म्हणून बाईंसाठी एक चिठ्ठी लिहून दिली: बसायला पहिला बाक, खिडकीपासून लांब. फळ्याकडं तोंड करून बोलू नये. त्याला सांगितलेलं "कळलं का?" असं न विचारता त्याच्याच तोंडून परत म्हणवून घ्यावं, कारण ही मुलं न कळताही मान हलवतात. बाईंच्या गळ्यात अडकवायचा वायरलेस माइक त्याच्या मशीनला जोडता येतो का, तेही पुढच्या मॅपिंगला विचारायचं ठरलंय.