नवा सायलेन्सर लावला, आता ईसीयू (इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करावाच लागेल का, म्हणजे त्याची सेटिंग बदलावीच लागेल का?

भाऊ, फक्त मागचा डबा बदलला असेल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जागेवर असेल, तर सहसा गरज नाही. एकसारख्या वेगात सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7:1 च्या आसपास स्वतःच ठेवतो. फुल थ्रॉटलला मात्र तो सेन्सरचं ऐकत नाही, कंपनीने भरलेल्या मॅपवर, म्हणजे पेट्रोलच्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. म्हणून हेडरपासून (इंजिनला जोडलेल्या पहिल्या पाइपापासून) पूर्ण सिस्टीम बदलली की तिथे पेट्रोल कमी पडू शकतं. मग मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढून बघा, इंजिन कसं तापतं ते! अशा वेळी डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) रिमॅप करून घ्या किंवा फ्युएल कंट्रोलर (पेट्रोलचं प्रमाण बदलणारा जोड-डबा) घ्याच.

थ्रॉटल सोडल्यावर फटफट होतेय? आधी हेडरचं गॅस्केट (सांध्यातलं सील) तपासा. माझं तेच गळत होतं, मी उगाच ट्यूनिंगला दोष देत बसलो.