सतरावी आकृती आणि कित्ता गिरवणारा हात

सप्रेम आशीर्वाद.

कौल घ्यायला ॲपवर नाणी उडवलीस, यी चिंग या प्राचीन चिनी शकुनग्रंथातली सतरावी आकृती आली आणि तिचं नाव ‘अनुसरण’ आहे हे वाचून तुझा विरस झाला. साहजिकच आहे. तुझ्या चित्रांत सरांचा हात दिसतो असं लोक आधीच म्हणतात. त्यात दर चार-सहा महिन्यांनी इन्स्टाग्रामवरची शैली बदलते आणि तिच्यामागे धावून जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी जवळपास तीन हजार वर्षं जुन्या ग्रंथानेही ‘मागे चल’ असंच सांगावं?

नाण्यांना भविष्य कळतं असं मी मानत नाही. पण या ग्रंथातल्या ६४ आकृत्यांपैकी चित्र काढणाऱ्याने निवांत वाचावी अशी एखादी असेल तर ती हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आकृती कागदावर काढून बघ. खालून वर जायचं: एक अखंड रेषा, दोन तुटक, मग दोन अखंड, सगळ्यात वर एक तुटक. खालच्या तीन म्हणजे मेघगर्जना, वरच्या तीन म्हणजे सरोवर. जुने टीकाकार गर्जनेला घरातला थोरला मुलगा म्हणतात आणि सरोवराला धाकटी लेक. म्हणजे थोरला धाकटीच्या खाली येऊन बसलाय. कणखर ते येऊन मऊच्या खाली राहतं, असं टीकेत स्पष्टच म्हटलंय. ज्याच्या अंगात जोर आहे त्यानेच आपणहून खालची जागा घेतलीय. अंगात गर्जनाच नसेल तर अनुसरण जमायचं नाही, माणूस नुसता वाहवत जाईल. तुला रील्सच्या मागे धावताना जो थकवा येतो तो वाहवण्याचा आहे, असं माझं मत.

ग्रंथात प्रत्येक रेषेला एक वचन जोडलेलं आहे. दुसरी रेषा म्हणते, पोराला धरलं की मोठा माणूस सुटतो. तिसरी नेमकं उलट सांगते: मोठ्याला धरलं की पोर सुटतं. दोघांना एकदम धरायची सोय ग्रंथाने ठेवलेली नाही. तुझ्या फोनमध्ये मात्र शेकडो चित्रं सेव्ह केलेली आहेत आणि त्यांत सगळेच आहेत. एक जण निवड आणि निदान वर्षभर बाकीच्यांना सोड. कोण निवडायचा? ज्याची अडचण तुला कळते, तो. कागदावर कुठे अडला असेल, कुठे माघार घेतली असेल हे ज्याच्याबाबतीत ओळखता येतं, त्याच्याकडून शिकता येतं. ज्याचा फक्त परिणाम आवडतो त्याच्याकडून हाताला लकबी तेवढ्या लागतात.

आणि सरांचा हात दिसतो म्हणून लाजू नकोस. चिनी सुलेखनातली सगळ्यात नावाजलेली कृती म्हणजे वांग शीझीने इ.स. ३५३ मध्ये शाओशिंगजवळच्या लानथिंगला, मित्रांच्या मेळ्यात, तिथे रचलेल्या कवितांसाठी लिहिलेली प्रस्तावना. तिची मूळ प्रत आज नाही. थांग सम्राट ताइझोंगबरोबर ती पुरली गेली असं परंपरा सांगते. जग जी पाहतं, अभ्यासतं, त्या सगळ्या नकला आहेत. आपल्याकडे याच्या उलट घडलं. मुंबईच्या आर्ट स्कूलचे विद्यार्थी १८७२ पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत राहिले, आणि लंडनला पाठवलेल्या कितीतरी प्रती १८८५ च्या आगीत गेल्या. तरी त्यांची मेहनत वाया गेली असं मला वाटत नाही. हाताला जे कळायचं ते कळून झालं होतं.

फक्त नक्कल कशी केली हे न बघता ती किती केली हेच मोजलं जातं, तिथे गडबड होते. चीनमध्ये दोन रीती वेगळ्या मानतात. एक, मुळावर पातळ कागद ठेवून गिरवणं. दुसरी, मूळ शेजारी ठेवून बघून लिहिणं. सोंग काळातल्या जियांग क्वेइ या कवीने यावर फार नेमकं लिहिलंय: बघून लिहिताना जुन्यांची मांडणी हुकते पण कुंचल्याचा भाव पुष्कळसा हाती लागतो, गिरवताना मांडणी सहज साधते, भाव निसटतो. तुझं सगळं गिरवणं लाइट पॅडवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पाटीवर चालतं. म्हणून प्रमाणं बिनचूक येतात आणि रेषा मेलेली. आता पॅड बाजूला ठेव आणि मांडणी चुकली तर चुकू दे.

पहिल्या रेषेकडे मी मुद्दाम उशिरा येतोय. दाराबाहेर पडून मिसळलं तर काम होतं, असं ती सांगते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस वांग ल्यू नावाचा एक वैद्य ह्वा पर्वत चढला. परत येऊन त्याने चित्रं काढली, ती मनाजोगती होईनात, कारण शिकलेल्या घराण्यांच्या पद्धती हातात आडव्या येत होत्या. उठता-बसता, जेवताना, पाहुण्यांशी बोलताना तो त्याच विचारात. एकदा दारावरून वाजंत्री गेली आणि तो दचकून उठला: सापडलं! जुनी चित्रं बाजूला सारून त्याने सगळं पुन्हा काढलं. त्याची ४० चित्रं आजही आहेत. गुरू कोण, असं विचारल्यावर तो म्हणे, मी मनाला गुरू मानतो, मन डोळ्याला, आणि डोळा ह्वा पर्वताला. बघ, अनुसरण त्यानेही सोडलं नाही, फक्त कोणामागे जायचं ते बदललं. पण घराण्यांचं शिक्षण आधी झालं नसतं तर हातात काय आडवं येतंय हे त्याला कळलंही नसतं.

चौथ्या रेषेबद्दल थोडक्यात: मागे जाऊन लाभ होतो आणि त्यातच अडकलं तर अनिष्ट. तुझं ते गाजलेलं चित्र आठव, आणि त्यानंतर काढलेली त्याच्यासारखीच बाकीची.

या आकृतीवरचा उपदेश मात्र मला सगळ्यात जवळचा आहे. सरोवरात गर्जना पाहून शहाणा माणूस अंधार पडताच घरात जाऊन विश्रांती घेतो. एवढंच. गाओ छीपेइ (१६६०–१७३४) या चित्रकाराची त्याच्या घराण्यात सांगितली जाणारी कथा अशी: आठव्या वर्षापासून तो चित्रं गिरवायला लागला, दहाहून जास्त वर्षं गिरवली, पण स्वतःचं काही उभं राहीना. एकदा थकून झोप लागली. स्वप्नात एका म्हाताऱ्याने त्याला मातीच्या खोलीत नेलं. चारी भिंतींवर चित्रं, सगळ्या पद्धतींची, पण उतरवून घ्यायला काहीच नाही, फक्त एक पाण्याचं भांडं. त्याने बोट बुडवलं आणि गिरवायला लागला. पुढे तो बोटांनी आणि नखांनी चित्रं काढण्यासाठीच ओळखला गेला. स्वप्न खरं की रचलेलं, याची मला फारशी फिकीर नाही. दहा वर्षं आधी गिरवली होती आणि मग झोपला, हा क्रम महत्त्वाचा. तू रात्री दोनपर्यंत जागून इतरांची कामं चाळणं बंद कर.

एक राहिलं. नाणी उडवल्यावर कधी कधी काही रेषा पालटतात, म्हणजे अखंडची तुटक किंवा तुटकची अखंड होते, आणि सतरावीतून दुसरी आकृती निघते. तसं झालं असेल तर ॲपने दाखवलं असणार, तू लिहिलं नाहीस. चौथी पालटली असेल तर तिसरी आकृती येते, सुरुवातीच्या अडचणींची. तिसरी पालटली असेल तर एकोणपन्नासावी, म्हणजे क्रांतीची. भविष्य म्हणून नव्हे, मला उत्सुकता आहे म्हणून विचारतोय. कोणती पालटली ते कळव, आणि सोबत पॅडशिवाय काढलेली दोन-तीन पानं पाठव.